त्याच्या आदी काय केलंत?

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी दचकायला नको. वर्गात गणित शिकवताना मी डस्टर आपटते, रिक्षावाल्यांशी भांडते, आणि माझा पारा चढला की नवरा बिचारा हळूच बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालतो. आमच्या झाडांना कधी पाणी कमी पडलेलं नाही. अशा बाईवर गेल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने जे उपकार केले ते लिहून ठेवायला हवेत, असं बरेच दिवस मनात होतं. पण त्यात माझा मूर्खपणाच जास्त आहे, म्हणून हात धजत नव्हता.

आम्ही करंजाड्याला राहतो आणि माझी शाळा कामोठ्याला. सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि शाळेतल्याच एका बाईंची जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. गाडी घेऊन महिना झाला नसेल, उरण रोडवरून एका मैत्रिणीच्या मुलीच्या हळदीला निघाले होते. समोरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. मला वाटलं, पोचल्यावर बघू. थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफा यायला लागल्या, तेव्हा गव्हाणच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडसमोर गाडी थांबवली. बॉनेट कसंबसं उघडलं आणि पदराने धरून रेडिएटरचं झाकण फिरवणार, इतक्यात शेडमधून एक माणूस ओरडत धावत आला.

"हात लावू नका! तोंड भाजंल!"

हेच ते गॅरेजवाले. माझ्याच वयाचे, काळेसावळे, खांद्यावर कायम एक फडकं. मी त्यांना दादा म्हणते, ते मला बाय म्हणतात. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यावर आवाज चढवल्याचं आठवत नाही, आणि चढवायची कारणं मी भरपूर दिली. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि इंजिन गार होईपर्यंत पाऊण तास झाकणाला हात लावला नाही. त्या झाकणाआड उकळतं पाणी दाबून बसलेलं असतं, आणि झाकण सैल केलं की ते थेट तोंडावर उडतं. आज माझा चेहरा जसा आहे तसा आहे, त्यात दादांचा मोठा वाटा आहे. नवरा म्हणतो, फार काही वाचवलं नाही त्यांनी. त्याला बोलू दे.

दादांचं गॅरेज त्यांच्या घराला लागूनच आहे. वडील आणि आजोबा मिठागरात कामाला होते. मिठागरं गेली, भावांनी जमिनींवर बंगले बांधले, टेम्पो घेतले, आणि यांनी रस्त्याकडेच्या तुकड्यावर शेड टाकली. "मीठ लोकंड कसं खातं ते लानपनापासून बगलंय," ते म्हणाले होते. "म्हनून गाड्यांत परलो."

त्यांची कामाची एक पद्धत आहे. गाडी आली की बाकीचे मेकॅनिक आधी बॉनेट उघडतात. दादा आधी मालकाला खुर्चीवर बसवतात. मग विचारतात, कदी होतं? कुटं होतं? गाडी थंड असताना की गरम झाल्यावर? वळताना की ब्रेक मारताना? आपण सांगत असतो आणि ते डोळे मिटून ऐकत असतात. आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो.

"त्याच्या आदी काय केलंत?"

या प्रश्नाला प्रत्येकजण "काहीच नाही" म्हणतो. दादा सांगतात, इथेच सगळे गंडतात. कुणी दोन दिवसांपूर्वी नवीन हॉर्न बसवून घेतलेला असतो, कुणी गाडी धुताना इंजिनवर पाईप मारलेला असतो, कुणी रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक घातलेलं असतं. गाडी काही उगाच रुसत नाही. पण माणसाला आपण केलेलं आठवत नाही, किंवा आठवलं तरी सांगवत नाही.

मला हे सगळं फार आवडलं. गणितातही असंच असतं, आधी दिलेलं काय आहे ते नीट लिहायचं. मी दर महिन्याला एक रविवार त्यांच्याकडे जायला लागले आणि एका शंभर पानी वहीत लिहून घ्यायला लागले. वळताना चाकातून कटकट आवाज आला तर चाकामागचा जॉइंट बघायचा. ब्रेक दाबल्यावर चीं वाजलं तर ब्रेकचे पॅड संपत आलेत. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर घाबरण्याआधी टायरमधली हवा बघायची. सकाळी गाडी सुरू होताना कण्हत असेल आणि दिवे मंद असतील तर बॅटरी. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकलं तर बहुतेक एसीचं, त्याची काळजी नाही. रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर इंजिन गार ठेवणारं कूलंट, मग मात्र गाडी हलवायची नाही. आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, आदी फुकटचं बगा, मग खोला. म्हणजे नुसतं बघून, हुंगून, ऐकून जे कळतं ते आधी संपवायचं, पाना नंतर हातात घ्यायचा.

गाडीच्या डिकीत मी दहा नंबरचा पाना ठेवायला लागले. सोसायटीत कुणाची गाडी कुरकुरली की मी खाली उतरायचे आणि दादांचे प्रश्न विचारायचे. मग म्हणायचे, गव्हाणला घेऊन जा, माझं नाव सांगा. असं करता करता आमच्या सोसायटीतल्या वीसएक गाड्या दादांकडे जायला लागल्या. दिवाळीच्या आधीचा आठवडा तर त्यांना जेवायला वेळ नसायचा, कारण सुट्टी लागली की कुणी साताऱ्याला निघणार, कुणी चिपळूणला, आणि प्रत्येकाला गाडी तपासून हवी असायची. गेल्या वर्षी त्याच भरवशावर त्यांनी शेड पुढे वाढवली. नवे पत्रे, नवी फरशी. मला मुद्दाम दाखवायला नेलं होतं. "तुमच्या सोसायटीच्या गाड्यांसाठी," म्हणाले.

आता पुढचं.

गेल्या सप्टेंबरमध्ये खडीच्या डंपरमधून एक खडा उडाला आणि माझ्या पुढच्या काचेला आडवी चीर गेली. दादांनी नवी काच बसवली. नंतर दसरा आला. गाडीची पूजा आपण सगळेच करतो, चाकाला हळदकुंकू, पुढे झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. पण मी आता साधी गाडीवाली राहिले नव्हते ना. मला इंजिन कळत होतं. मी बॉनेट उघडलं. बॅटरीला हळदकुंकू लावलं, कूलंटच्या डब्याला लावलं, ऑइलच्या झाकणाला फूल वाहिलं, सगळीकडे अक्षता टाकल्या. बॉनेटच्या मागे, पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली एक कडा असते, तिथे विड्याचं पान आणि सुपारी मांडली, वर मूठभर झेंडू. येणारे-जाणारे शेजारी थांबून बघत होते. मला फार अभिमान वाटत होता, खरं सांगते. मग बॉनेट लावलं, गाडीवर कव्हर घातलं आणि वर येऊन श्रीखंड खाल्लं. दोन दिवसांनी शाळेला निघताना पान दिसलं ते काढलं, वरवरची फुलं झटकली. सुपारी कुठे गेली याचा विचारसुद्धा मनात आला नाही.

चारपाच दिवसांनी परतीचा पाऊस एक रात्र चांगलाच कोसळला. सकाळी बघते तर डाव्या सीटपुढची मॅट ओली, खालचं कार्पेट पिळून काढावं इतकं भिजलेलं. आणि वास असा, की नाकाला पदर लावावा लागला. माझं डोकं लगेच चाललं. नवीन काय झालंय? काच. म्हणजे काच नीट बसलेली नाही. झालं, माझं निदान पूर्ण.

शाळा सुटल्यावर दादांकडे गेले. त्यांनी काचेच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी पाईपने पाणी सोडलं, आतून कडेने कागद फिरवला. कागद कोरडा. म्हणाले, "काचंचा दोष नाय, बाय. दुसरीकडनं येतंय. गाडी एक दिस ठेवा, शोधून देतो."

माझ्या सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे मागच्या सीटवर होते. म्हटलं, मला एक दिवससुद्धा गाडी सोडता येणार नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "बरं, त्याच्या आदी काय केलंत?" मी खुर्चीवर बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "मी काय करणार? काच तुम्ही बसवलीत." आणि निघून आले. वाटेत सारखं मनात येत होतं, बघा, स्वतःवर आलं की हेसुद्धा उडवाउडवी करतात.

दोन दिवसांनी सकाळी पुन्हा जोराची सर आली. शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि गाडीचा हॉर्न आपोआप सुरू झाला. मी स्टिअरिंगवर हात मारला, किल्ली काढली, तरी तो वाजतच राहिला. समोर व्हरांड्यात आठशे मुलं उभी, आणि त्याच क्षणी राष्ट्रगीत सुरू झालं. आता हलायचं कसं? मी गाडीतून उतरून दाराशी सावधान उभी राहिले. राष्ट्रगीत संपेपर्यंत माझी गाडी बोंबलत होती आणि आठशे मुलं ओठ चावून हसू दाबत होती. एकोणीस वर्षांत मुलांनी मला घाबरून ऐकलं होतं. त्या बावन्न सेकंदांत सगळं धुळीला मिळालं. राष्ट्रगीत संपल्यावर मी डिकीतून दहा नंबरचा पाना काढला, बॅटरीची वायर सोडवली, तेव्हा कुठे ती गप्प झाली. बॅटरीची वायर सोडवायला मला कुणी शिकवलं होतं, हे त्या वेळी माझ्या टाळक्यात आलं नाही. उलट स्टाफरूममध्ये जाऊन पर्स टेबलावर आपटली आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं:

"गव्हाणच्या गॅरेजवाल्याकडे कृपया कुणीही गाडी देऊ नये. काच बसवण्यात हलगर्जीपणा केला, गाडीत पाणी शिरून वायरिंग गेलं, विचारलं तर उडवाउडवीची उत्तरं. मीच तुम्हाला त्यांच्याकडे पाठवलं होतं, त्याबद्दल दिलगीर आहे."

दिवाळीला तेव्हा बारातेरा दिवस होते. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. मोठ्या उत्साहाने म्हणाले, "बाई, बरं केलंत सांगितलंत. मी उद्याच नेणार होतो गाडी. आता आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे नंबर लावलाय." मी मान हलवली. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, पण ते मी हॉर्नवर ढकललं. त्यातल्या काही गाड्या आजही दादांकडे परत गेलेल्या नाहीत, हे इथेच सांगून ठेवते. तेवढा मेसेज लिहायला मला एक मिनिट लागलं होतं.

गाडी मी पनवेलच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये टाकली. तिथे बसायला सोफा होता आणि कॉफी मिळाली, पण मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. आठवडाभराने गाडी परत आली. काच पुन्हा नव्याने चिकटवलेली, कार्पेट वाळवलेलं, फ्यूज बॉक्स दुरुस्त. रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये पाईप लावून गाडी धुतली, सहज डावं दार उघडलं, मॅटवर हात ठेवला. ओली.

मी तिथेच, ओल्या मॅटवर हात ठेवून बसून राहिले. काच आता दुसऱ्याने बसवली होती. म्हणजे काचेचा दोष नव्हता. आणि मग आणखी एक गोष्ट आठवली, जी मला आधीच आठवायला हवी होती. दादांनी काच बसवल्यावर सप्टेंबरच्या शेवटी तीन दिवस धो धो पाऊस झाला होता, आणि तेव्हा गाडीत एक थेंब आला नव्हता. मुलांना मी रोज सांगते, दिलेलं नीट वाचा. मी स्वतः वाचलंच नव्हतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो झाडांकडेही गेला नाही. म्हणाला, "गाडी तुझी, जीभही तुझी. मी काय बोलू? गव्हाणला जाऊन ये."

त्या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दिवशी तो संपावा असं वाटत नव्हतं. दिवाळीला चार दिवस. एरवी या दिवसांत दादांच्या दारात गाडी लावायला जागा नसते. त्या दिवशी नव्या शेडमध्ये दोन दुचाक्या उभ्या होत्या आणि दादा फरशीवर बसून डब्यातले नट वेगवेगळे करत होते. मला बघून उठले. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवतील, आणि ऐकून घ्यायचं असं मी ठरवूनच आले होते. त्यांनी खुर्ची फडक्याने पुसली.

"बसा, बाय. सांगा."

मी सांगितलं. सगळं, तारीखवार. वर्कशॉपचंही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग तो प्रश्न आला. "पयलं पानी आलं, त्याच्या आदी काय केलंत?"

मी तोंड उघडलं, काहीच नाही म्हणणार होते, आणि थांबले. म्हटलं, "दसऱ्याची पूजा केली."

"कशी केली?"

मी सांगितलं. बॅटरी, कूलंट, अक्षता, फुलं. त्यांनी डोळे उघडले. मला डाव्या सीटवर बसवलं, हातात टॉर्च दिला आणि पायाशी बघत राहायला सांगितलं. स्वतः बाहेर एक बादली आणि तांब्या घेऊन उभे राहिले. "पानी खालनं वरती टाकत जायचं," ते बाहेरून समजावत होते. "वरनं टाकलं तर सगलीकडं पसरतं, मग कलत नाय कुटनं शिरलं." पहिला तांब्या त्यांनी दाराच्या खाली ओतला. काही नाही. दुसरा चाकाच्या वर. काही नाही. तिसरा आणि चौथा काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या जाळीवर. मी मनात तीसपर्यंत मोजलं असेल. डॅशबोर्डखालून, पंख्याच्या बाजूने, पाण्याची बारीक धार सुरू झाली आणि माझ्या चपलेवर पडली.

"आलं," मी म्हटलं.

दादांनी वायपर काढले, जाळी उचलली आणि मला बोलावलं. जाळीच्या खाली एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे निघून जातं. पंख्याला बाहेरची हवा घेण्याचं तोंडही तिथेच, जरा वर असतं. भोक बुजलं तर पन्हळ भरते आणि पाणी त्या तोंडातून आत येतं. माझ्या गाडीच्या पन्हळीत झेंडूच्या कुजलेल्या पाकळ्यांचा काळा चिखल साचला होता, त्यात फुगलेल्या अक्षता. दादांनी बोटाने चिखल बाजूला केला. जाळीच्या कडेच्या फटीतून घरंगळलेली माझी सुपारी डाव्या टोकाच्या भोकात, अगदी मापाने घडवल्यासारखी, बसली होती.

"काच बसवताना ही पन्हल मी सोता साफ केलेली," ते म्हणाले. तेवढंच. त्यात टोमणा नव्हता. मग स्क्रूड्रायव्हरने सुपारी हळूच उचकली, पाण्याने धुतली आणि फडक्यावर ठेवून माझ्यापुढे धरली. "देवाची हाय. टाकू नका."

मला रडू आलं. बाहेर रस्त्यावर डंपर जात होते आणि मी पन्नाशीची बाई दुसऱ्याच्या शेडमध्ये सुपारी हातात घेऊन रडत होते. म्हटलं, "दादा, मी ग्रुपवर तुमच्याबद्दल काय लिहिलंय, कळलं असेल ना तुम्हाला?"

"कललं ना. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फोन करून सांगितलं, येत नाय म्हनून."

"राग नाही आला?"

"आला ना. दोन दिस जेवलो नाय नीट. बायकोला बोललो, आता ती बाय आली तर गाडीला हात नाय लावायचा." ते थांबले, पन्हळीत पाणी ओतून दोन्ही भोकांतून धार पडते का ते वाकून बघितलं. "मंग तुमी आलात. आन सांगितलंत बॅटरीची पूजा केली, कूलंटची केली. लोकं नुसती चाकाला हलद लावतात, बाय. येवडं वलकून पूजा करनारं मी कुनी नाय बगलं."

मी शिकवते, मला माहीत आहे, विद्यार्थ्याने शिकवलेलं वापरलं की मास्तराला काय वाटतं. आणि ज्या मास्तराला मी गावभर बदनाम केलं होतं तो मला हे सांगत होता. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल इतकी कृतज्ञता दाटून आली, की दोन्हींत फरक करता येईना. मी तिथेच खुर्चीवर बसले आणि मोबाईल काढला. सोसायटीतल्या कुणीही सुचवलं असतं, जुना मेसेज डिलीट करा, कशाला वाढवता. पण लोकांनी वाचलेलं डिलीट होत नाही. दादा ग्रुपवर नव्हते. म्हणून पाठवण्याआधी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:

"गव्हाणच्या दादांनी माझ्या गाडीची काच चोख बसवली होती. दसऱ्याला मी बॉनेट उघडून पूजा केली. माझी सुपारी पाणी जायच्या भोकात अडकली, फुलांनी बाकीची वाट बुजली आणि पाणी आत शिरलं. दादांनी मला विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही. खात्री न करता मी एका प्रामाणिक माणसाचं नाव खराब केलं. चूक पूर्णपणे माझी आहे. आज त्यांनीच दोष शोधून दिला."

दादा डोळे मिटून ऐकत होते, इंजिन ऐकतात तसे. संपल्यावर म्हणाले, "येक बदला त्याच्यात."

मला वाटलं, आणखी काहीतरी कडक लिहायला सांगतील. तो त्यांचा हक्कच होता.

"सुपारीचं काडून टाका," ते म्हणाले. "कचरा अडकला व्हता, येवडंच लिवा. तुमी शालेत शिकवता, बाय. लोकं हसतील तुमाला."

आठ-नऊ दिवस त्यांची शेड माझ्यामुळे रिकामी होती, ऐन दिवाळीत, आणि त्यांना काळजी होती मला लोक हसतील याची. आजवर त्यांनी सांगितलेलं सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं आणि पाळलं होतं. एवढं मात्र ऐकलं नाही. सुपारीचा फोटो काढला, मेसेजला जोडला आणि पाठवून दिला.

दादांच्या बायकोने चहा आणून दिला. मोबाईल टेबलावर उताणा होता. आधी तीन हसणारे चेहरे आले. दादा म्हणाले, "बगा, बोललो व्हतो." मग कुणाचा तरी अंगठा आला. मग बराच वेळ काही नाही. माझा चहा गार झाला. मी मनात म्हणत होते, हसा बाबांनो, किती हसायचं तेवढं हसा, पण गाड्या पाठवा. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं आलं. मी वाचून दाखवलं.

"दादांना विचारा, उद्या सकाळी गाडी आणली तर चालेल का? शनिवारी साताऱ्याला निघायचंय."

दादा कप खाली ठेवून उठले आणि शेडमधली एक दुचाकी ढकलत बाहेर नेऊन भिंतीला लावली. आत आले, मोकळ्या झालेल्या जागेकडे थोडा वेळ बघत उभे राहिले. मग दुसरी दुचाकीही बाहेर काढली.